चुकांची तालीम

व्हायोलिनचे सर कॉलेजच्या संगीत विभागात इतकी वर्षं शिकवत होते, की इमारतीचा एखादा खांब हलला असता तरी लोकांना आधी वाटलं असतं, सर जागचे उठले वाटतं. आयुष्य सरळ रेषेत चाललं होतं. सकाळी वर्ग, दुपारी रियाज, अधूनमधून कुठेतरी एखादा कार्यक्रम, आणि कार्यक्रमानंतर आठवडाभर घरात एकच वाक्य: "सभागृहच फुटक्या आवाजाचं होतं." त्यांची बायको दातांची डॉक्टर. ती जेवता जेवता मान डोलवायची. दिवसभर तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशी एकतर्फी बोलण्याची सवय असल्यामुळे घरी आल्यावर तिला दुसऱ्या कुणीतरी एकतर्फी बोललेलं चालायचं.

अशा माणसाला प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

प्राचार्य मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांचा जगाकडे बघण्याचा दृष्टिकोन असा, की कुठलीही गोष्ट सुटी ठेवली की वाया जाते.

"सर, तुम्ही शिकवता. उत्तम. वाजवताही, असं लोक सांगतात. पण संशोधन कुठाय?"

"संशोधन म्हणजे... शोधायचं काय?"

"तेच तर तुम्हाला शोधायचंय. नवं धोरण आलंय. संगीताच्या प्राध्यापकानं शिकवलं पाहिजे, वाजवलं पाहिजे आणि शोधलंही पाहिजे. आणि तेही तीन बाटल्यांत वेगवेगळं नको. मिसळा! या सत्रात असं काही दिसलं नाही, तर व्हायोलिनचा वर्ग मला चालू ठेवता येणार नाही. त्या खोलीवर संगणकवाल्यांचा डोळा आहेच."

सर बाहेर आले ते भूल दिलेल्या पेशंटसारखे. वर्ग बंद? ज्या खोलीत भिंतींनासुद्धा आता सूर लागायला लागला होता, तिथे उद्या टकटक-टकटक चालणार? त्यांनी ठरवलं, मिसळायचं. काय, ते मात्र ठरेना.

विषय सापडला तो अपमानातून. आदल्याच आठवड्यातल्या कार्यक्रमात सरांनी स्वतः बांधलेली एक धून वाजवली होती, आणि तिच्या ऐन मध्यावर बोट घसरून सूर भलतीकडे गेला होता. सरांना तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. कार्यक्रमानंतर एक सद्गृहस्थ हात जोडून आले आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीकच होतं हो, पण ती मधली जागा! ती जी हळूच खाली उतरलात ना, अंगावर काटा आला." बाकीचं सगळं, म्हणजे जे सरांनी आयुष्य घालवून घोटलं होतं, ते 'ठीकच'; आणि काटा आला तो चुकीवर! सर चार दिवस धड जेवले नव्हते. आता प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं असताना त्या जखमेतूनच त्यांना प्रश्न सुचला: वाजवणारा चुकला, तर ऐकणाऱ्याला कळतं का?

झालं! आधी चुकीवर व्याख्यान द्यायचं. मग ती धून एकदा बिनचूक वाजवून दाखवायची. मग तीच पुन्हा वाजवायची, पण ठरवून पाच जागी चुकायचं. श्रोत्यांच्या हातात झेंड्या द्यायच्या. चूक वाटली की झेंडी वर. शिकवणं झालं, वाजवणं झालं, संशोधन झालं. एका दगडात तीन पक्षी. सरांना आपल्याच बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की 'तीन तिघाडा, काम बिघाडा' ही म्हण त्यांना त्या दिवशी आठवलीच नाही.

ती आठवली कार्यालयात. हेडक्लार्क संगणकाच्या पडद्यावर नाक टेकवून बसले होते.

"सर, एका शब्दात सांगा. तुम्ही नक्की काय करणार?"

"व्याख्यान-वादन-संशोधन."

"हे तीन शब्द झाले."

"मध्ये जोडरेषा आहेत ना."

"संगणक जोडरेषा घेत नाही. व्याख्यान असेल तर वर्गखोली मिळेल, पण वर्गात वाद्य वाजवायला मनाई आहे."

"अहो, मी संगीत शिकवतो!"

"तुमची खोली वर्गखोली नाहीच. कागदोपत्री ते भांडार आहे. वादन असेल तर सभागृह मिळेल, पण मग सांस्कृतिक समिती. आणि संशोधन असेल तर आधी नीतिसमिती."

"नीती कशाला? मी वाजवणार आहे."

"माणसांवर प्रयोग करणार ना?" हेडक्लार्कांनी पहिल्यांदाच नाक उचलून सरांकडे पाहिलं. त्या नजरेत सरांना आपण कुणाला तरी फाडायला निघालोय असं दिसलं.

नीतिसमितीत दोघं होते. जीवशास्त्राचे एक प्राध्यापक आणि सांख्यिकीच्या मॅडम. जीवशास्त्रवाल्यांनी सगळा जन्म बेडकांबरोबर काढला होता, त्यामुळे समोरचा जिवंत माणूस बोलतो याचं त्यांना दर वेळी नवल वाटायचं.

"श्रोत्यांना इजा होण्याची शक्यता?" त्यांनी विचारलं.

"इजा? नाही हो."

"बेसूर ऐकून काहींना त्रास होतो. माझ्या मेहुण्याला होतो."

"फक्त पाच जागी बेसूर असेल."

"ठीक आहे. पण कुणालाही मधेच उठून जायची मुभा पाहिजे, आणि कॉलेजच्या नर्सबाई प्रथमोपचाराची पेटी घेऊन हजर पाहिजेत."

सर लाल झाले. आजवर त्यांच्या कार्यक्रमातून लोक उठून गेले होते, नाही असं नाही. पण त्यांना कुणी तशी मुभा दिलेली नव्हती, आणि प्रथमोपचाराची गरज तर कुणालाच पडली नव्हती. सांख्यिकीच्या मॅडम मात्र कामाच्या निघाल्या. त्यांनी एकच अट घातली. त्या पाच जागा कुणाला कळता कामा नयेत. बंद लिफाफ्यात त्यांच्याकडे द्यायच्या, बस्स.

"पण माझ्याबरोबर पियानो वाजवणाऱ्या सरांना तरी सांगावं लागेल."

"त्यांना तर मुळीच नाही. ते आधीच दचकले, तर लोक त्यांच्याकडे बघून झेंडी वर करतील."

बरोबरच होतं म्हणा. पियानोचे सर दचकायचे म्हणजे स्टुलासकट दचकायचे.

आता राहिली चुकण्याची तयारी. सरांना वाटलं होतं, यात काय मोठंसं? चुकायला का रियाज लागतो? पण पहिल्याच दिवशी कळलं, की ठरवून चुकणं महाकर्मकठीण. मनात चूक तयार असायची, पण बोटं ऐनवेळी शहाण्यासारखी बरोबर जागी जाऊन पडायची. वर्षानुवर्षं ज्या बोटांना 'चुकाल तर याद राखा' म्हणून दटावलं, ती अशी एका रात्रीत बिघडतील थोडीच? म्हणून सर रोज संध्याकाळी दार लावून चुका घोटायला लागले. त्याच पाच जागा, पुन्हा पुन्हा. अर्धा सूर खाली, पुन्हा अर्धा सूर खाली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहायचे. सगळी सोसायटी त्यांना 'सल्लागार' म्हणायची, कारण निवृत्तीनंतर त्यांनी तेवढंच काम सांभाळलं होतं. तिसऱ्या दिवशी ते खाली आले.

"सर, काही घरगुती त्रास?"

"छे, छे. का हो?"

"नाही, वाजवण्यावरून वाटलं."

सरांनी प्रयोगाची कल्पना दिली. सल्लागारांचा चेहरा उजळला. "मग आधी बोलायचं नाही का! अहो, चूक या विषयावर माझा अधिकार आहे. मी पूल बांधलेत. चूक कशी असावी? बघणाऱ्याला दिसू नये, पण अंगात मुरलेली असावी. तुमच्या चुका वरवरच्या वाटतात. मुरवा त्यांना, मुरवा!"

जाताना ते जिन्यात ती धून गुणगुणत गेले. चुकांसकट. सर दाराशी उभे राहून ऐकत होते, आणि दार लावायचं भानही त्यांना राहिलं नाही. कारण सल्लागारांच्या तोंडून ती बरी वाटत होती.

हळूहळू सगळी सोसायटी ती धून गुणगुणायला लागली. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालताना, दूध घालणारा सायकलवरून उतरताना. सगळे त्याच पाच जागी, अर्धा सूर खाली. बायको दवाखान्यातून आल्यावर म्हणाली, "अहो, आज माझ्या एका पेशंटनं दाढ काढताना हीच धून हुंकारली." सरांना आनंद व्हावा की दुःख, ते कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची रचना लोकांच्या ओठांवर आली होती, आणि ती त्यांची नव्हतीच.

पियानोच्या सरांबरोबर तालीम करताना अर्थातच बिनचूक वाजवायचं होतं. तिथे दुसराच गोंधळ. मुरवलेल्या चुका आता बाहेर यायला बघायच्या. सर त्यांना दातओठ खाऊन मागे ढकलायचे.

"बरं वाटत नाही का?" पियानोच्या सरांनी काळजीनं विचारलं.

"तसं काही नाही."

"तुम्ही काही काळजी करू नका. कार्यक्रमात काय व्हायचं ते होऊ दे, मी सांभाळून घेईन." पियानोच्या सरांची ख्यातीच ती होती. साथ करताना समोरचा विहिरीत पडला, तरी ते पाठोपाठ उडी मारून 'आपण पोहायलाच आलोय' असं दाखवायचे.

झेंड्यांसाठी क्रीडाशिक्षकांकडे जावं लागलं. त्यांच्याकडे रेषापंचांच्या लाल झेंड्या होत्या. त्या त्यांनी दिल्या, पण अट घातली की झेंडी वर करताना हात कोपरात वाकता कामा नये, त्यानं खेळाची शान जाते. सरांनी तेही कबूल केलं. एव्हाना ते काहीही कबूल करायला लागले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. सोसायटी सहकुटुंब आली होती आणि सल्लागारांनी तिला मधल्या रांगांत ओळीनं बसवलं होतं. नर्सबाई पेटी मांडीवर घेऊन दाराशी. बायको दवाखान्यातून परस्पर आली आणि मागे कुठेतरी बसली. सर पडद्याआडून हे सगळं बघत होते, इतक्यात पहिल्या रांगेकडे लक्ष गेलं आणि त्यांच्या हातातला गज सुटता सुटता राहिला.

तिथे बाई बसल्या होत्या. ज्यांनी सरांना लहानपणापासून व्हायोलिन शिकवलं, त्या बाई. पाठ ताठ, हात मांडीवर, मांडीवर लाल झेंडी.

"प्रमुख पाहुण्या!" प्राचार्य मागून येऊन कानात म्हणाले. "तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही. म्हटलं, आश्चर्याचा धक्का."

धक्का बसला होता. आश्चर्य कुठे होतं, ते सर शोधत होते.

व्याख्यान कसंबसं पार पडलं. 'चूक म्हणजे काय' याची व्याख्या करताना सर दोनदा चुकले, पण व्याख्यानाला झेंड्या नव्हत्या. मग त्यांनी जाहीर केलं, "आता ही धून मी बिनचूक वाजवून दाखवतो. ती नीट ध्यानात ठेवा. यात झेंडी वर करायची नाही."

गज तारेवर पडला. सुरुवात झकास झाली. पहिली जागा आली. सरांनी मनाला बजावलं, इथे बरोबर, इथे बरोबर. आणि बोट आपलं शांतपणे अर्धा सूर खाली जाऊन बसलं. मुरलेलं! पियानोच्या सरांनी क्षणात ओळखलं की आपला माणूस घसरला. त्यांनी खालून असे काही सूर पसरले, की ती चूक गादीवर पडावी तशी अलगद पडली. दुसरी जागा, तेच. तिसरी, तेच. पाचही चुका ठरल्या जागी, अगदी सुबक झाल्या. मधल्या रांगांत सोसायटी समाधानानं माना डोलावत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिनचूक नमुना म्हणून सगळ्या सभागृहानं चुकीची धून मनात पक्की केली होती.

सर घाम पुसत उभे राहिले. डोक्यात जातं फिरत होतं. आता चुकांसकट वाजवायचं. पण चुका तर वाजवून झाल्या! त्याच पुन्हा वाजवल्या, तर लोकांच्या लेखी त्या बरोबर. एकही झेंडी वर होणार नाही, संशोधन बुडालं, वर्ग गेला. म्हणजे लोकांना चूक वाटावी म्हणून आता बरोबर वाजवायला हवं. समजा बरोबर वाजवलं, तर मग बाईंसमोर मी चुकल्यासारखा दिसेन. पण चुकीचं वाजवलं, तर बाईंसमोर खरोखरच चुकेन. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

"सर, सुरू करताय ना?" सांख्यिकीच्या मॅडम घड्याळ हातात धरून म्हणाल्या.

सरांनी ठरवलं, बरोबर वाजवायचं. सुरू केलं. पहिली जागा जवळ आली, आणि सरांच्या लक्षात आलं, की मूळची बरोबर जागा काय होती तेच आठवत नाही. इतके दिवस खाली-खाली घोटून वरचा रस्ताच बुजला होता. बोट घाबरून वर गेलं, जरा जास्तच वर गेलं, तिथून खाली येताना वाटेत दोन सूर सांडले.

मधल्या रांगांतून झेंड्यांचं रान उठलं. कोपर न वाकवता! सल्लागार उभेच राहिले. पियानोचे सर, बिचारे, पाठोपाठ उडी मारायला तयारच होते. सर वर गेले की तेही वर, सर अडखळले की तेही अडखळल्याचा अलंकार करायचे. पुढे तर सरांना ठरलेल्या जागा कुठल्या आणि न ठरलेल्या कुठल्या याचंही भान राहिलं नाही. एक चूक निस्तरायला जावं, तर दुसरी पदरात. झेंड्या वर-खाली, वर-खाली. नर्सबाईंनी पेटीची कडी काढून ठेवली. जीवशास्त्रवाले मात्र डोळे मिटून ऐकत होते. त्यांना काहीतरी ओळखीचं ऐकू येत असावं.

बाईंची झेंडी मांडीवरून हलली नाही.

धून कशी संपली ते सरांना कळलं नाही. पियानोच्या सरांनी शेवटचा सूर इतका ठासून दिला, की संपली असावी असं सगळ्यांनी मानलं.

नंतर सर खाली मान घालून बाईंसमोर गेले. पाया पडले.

"यातल्या मुद्दाम चुकलेल्या जागा कुठल्या रे?" बाईंनी विचारलं.

सरांच्या डोळ्यांपुढे अख्खं बालपण उभं राहिलं. पण आजूबाजूला प्राचार्य होते, मॅडम होत्या, पियानोचे सर होते. "सगळ्याच, बाई," सर म्हणाले.

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

बाईंनी झेंडी त्यांच्या हातात दिली. "मग बराच हुशार झालास हो," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत निघाल्या. हे कौतुक होतं की काय होतं, याचा विचार करण्यात सरांचे पुढचे कित्येक दिवस गेले.

त्या दिवसांत त्यांनी व्हायोलिनची पेटी उघडली नाही. वर्ग जाणार हे ते धरूनच चालले होते. खोलीतल्या खिडकीशी उभं राहून, संगणकवाले टेबलं कुठे मांडतील याचा अंदाज घ्यायचे. एका मुलीनं विचारलं, "सर, पुढच्या सत्रात मी व्हायोलिनच घेऊ ना?" तर ते नुसतंच गज बरोबर धर म्हणाले.

मग प्राचार्यांचं बोलावणं आलं. सांख्यिकीच्या मॅडमही बसल्या होत्या.

"सर, कमाल केलीत!" प्राचार्य म्हणाले. "मॅडमनी निष्कर्ष बाहेरच्या तज्ज्ञांना पाठवले. लिफाफ्यातल्या पाच जागा आणि झेंड्या यांचा काडीचा संबंध नाही!"

"मला ठाऊक आहे," सर पुटपुटले.

"असं आजवर कुणालाच सापडलं नव्हतं म्हणे," मॅडम म्हणाल्या. "लोकांना चूक भलत्याच ठिकाणी ऐकू येते. तज्ज्ञ हलून गेलेत."

सर खुर्चीत बसले. खरं सांगावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. "मॅडम, त्या लिफाफ्याचं असं झालं, की मी प्रत्यक्षात..."

"नम्रता पुरे!" प्राचार्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "व्हायोलिनचा वर्ग कायम. संगणकवाल्यांना मी भांडार दिलं."

"पण भांडार म्हणजेच आमची खोली."

"मग दुसरं भांडार देऊ. मुद्द्याचं ऐका. तज्ज्ञांची एकच अट आहे. प्रयोग पुन्हा व्हायला हवा. तंतोतंत तसाच. त्याच चुका, त्याच जागी. त्याशिवाय शास्त्र मानत नाही."

सर घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. त्याच चुका! कुठल्या त्या चुका? लिफाफ्यातल्या तर दुसऱ्या वेळी वाजल्याच नव्हत्या. पियानोच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "कसल्या चुका? मला तर रंग भरल्यासारखं वाटलं." कॉलेजनं ध्वनिमुद्रण केलं होतं, पण व्याख्यान म्हणून माईक टेबलावर ठेवलेला, त्यात झेंड्यांची फडफड आणि मधूनमधून सल्लागारांचं "हा पाहा, हा पाहा, पुन्हा गेला!" एवढंच स्पष्ट ऐकू येत होतं.

बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. सरांनी सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, न लपवता. तिनं एकदाही मान डोलावली नाही. नुसतं ऐकलं. मग उठून तिनं व्हायोलिनची पेटी आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"पहिल्या जागी तुम्ही वर गेलात," ती म्हणाली, आणि गुणगुणून दाखवलं. अगदी तसंच. वर, जरा जास्तच वर, उतरताना दोन सूर सांडलेले. "मग सावरायला गेलात आणि इथे अडकलात. हे असं. त्यानंतर जरा बरं चाललं होतं, तेवढ्यात तुम्ही पहिल्या रांगेकडे बघितलंत."

सर आ वासून बघत राहिले. "हे सगळं तुझ्या लक्षात आहे?"

"दिवसभर दुसरं काय करते मी? कुठे काय किडलंय, तेच बघते."

"पण तुला संगीतातलं..."

"अहो, संगीतातलं नाही कळत मला. तुमच्यातलं कळतं. घ्या बघू."

सरांनी व्हायोलिन खांद्याला लावलं. बऱ्याच दिवसांनी तारांना हात लागत होता. त्यांनी धून सुरू केली, आणि काय झालं कुणास ठाऊक, बोट अचूक त्या हरवलेल्या, मूळच्या जागेवर जाऊन पडलं. स्वच्छ. सुरेल. सरांचे डोळे भरून आले.

"चूक," बायको म्हणाली. "इथे चुकायला हवं होतं. पुन्हा."

सरांनी मुकाट्यानं गज उचलला.